कॉर्नवॉलचा इतिहास पाहायचाय, सुरुवात कुठून करू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडरूथजवळ राहायला येऊन आम्हाला सात वर्षं झाली. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी येतंच. लंडनचा भाचा येतो, बर्मिंगहॅमच्या वहिनी येतात, पुण्याहून मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले कुणाचे तरी आईबाबा येतात. येण्याआधी फोनवर जे प्रश्न, तेच आल्यावर गाडीत. शेवटी एकदा बसून उत्तरं लिहूनच काढली. समुद्रकिनारे आणि हॉटेलं यांची माहिती इथे सापडणार नाही, ती सगळीकडे आहे. इथल्या माणसांचा आणि मातीचा इतिहास ज्याला बघायचा आहे त्याच्यासाठी हे आहे.

कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडच ना?

कागदोपत्री हो, इंग्लंडमधली एक काउंटी. पण हे वाक्य इथल्या एखाद्या आजोबांसमोर मोठ्याने म्हणू नका.

ब्रिटनच्या नकाशात नैर्ऋत्येला जो निमुळता पाय समुद्रात गेलेला दिसतो, त्याचं टोक म्हणजे कॉर्नवॉल. तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला टेमार नदी. ही नदी उगम पावते उत्तर किनाऱ्यापासून अवघ्या काही मैलांवर आणि वाहते थेट दक्षिणेच्या समुद्रापर्यंत. थोडक्यात हुकलं, नाहीतर बेटच झालं असतं. दहाव्या शतकात राजा अॅथेलस्टनने टेमार ही हद्द ठरवली असं मानतात, आणि ती हद्द लोकांच्या डोक्यात अजून पक्की आहे. नदीपलीकडून आलेला तो बाहेरचा, मग तो पलीकडच्या काठावरचा का असेना.

इथलं स्वतःचं नाव केर्नो. काळ्यावर पांढरा क्रूस असलेला झेंडा जागोजागी दिसेल, तो संत पिरानचा. २०१४ साली ब्रिटिश सरकारने कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, म्हणजे स्कॉटिश, वेल्श आणि आयरिश लोकांना जी आहे तीच.

‘केल्टिक’ म्हणजे नक्की काय? वंश की धर्म?

दोन्ही नाही. हा शब्द मुळात भाषेचा आहे, असं धरून चाललात तर गोंधळ कमी होतो. केल्टिक भाषांच्या आज दोन शाखा आहेत. आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मँक्स ही एक. वेल्श, ब्रेटन आणि कॉर्निश ही दुसरी. मराठी आणि कोकणी जशा शेजारणी, तशा कॉर्निश आणि फ्रान्समधली ब्रेटन, फक्त मध्ये इंग्लिश खाडी. वेल्श विद्वान एडवर्ड लुइड याने १७०७ साली या भाषांचं नातं पद्धतशीर मांडलं. त्यासाठी तो कॉर्नवॉलमध्येही येऊन राहिला होता. त्याने ज्यांच्याकडून शब्द टिपून घेतले, ती कॉर्निश बोलत वाढलेली जवळजवळ शेवटची पिढी होती.

गिफ्टच्या दुकानात मिळणारी गुंतागुंतीच्या नक्षीची लॉकेटं आणि ‘केल्टिक’ अगरबत्त्या यांचा या सगळ्याशी फारसा संबंध नाही. घ्यायच्या तर घ्या.

दोनच दिवस आहेत. काय काय पाहू?

याचं माझं उत्तर लोकांना आवडत नाही. एक गाव घ्या, म्हणजे इथल्या भाषेत एक पॅरिश, आणि तिथेच थांबा.

कॉर्नवॉलमध्ये इतिहास किल्ल्या-राजवाड्यांत कमी आणि पायाखाली जास्त आहे. दोन दिवसांत बारा ठिकाणं केलीत तर बारा पार्किंग लक्षात राहतील. माझी शिफारस सेंट जस्ट. लँड्स एंडच्या थोडं वर, पश्चिम टोकाला वसलेलं खाणकामगारांचं गाव. गावाच्या मधोमध घड्याळाच्या मनोऱ्याशेजारी गवताचं एक गोल मैदान आहे, भोवती बुटका दगडी बांध. बघितलं तर काहीच नाही, पोरं सायकल फिरवत असतात. पण हे ‘प्लेन-अन-ग्वारी’, खेळाची जागा. मध्ययुगात इथे कॉर्निश भाषेत धार्मिक नाटकं होत, एकेक नाटक दोन-तीन दिवस चालायचं. आपल्या दशावताराची रात्र आठवा, म्हणजे कल्पना येईल. अशा जागा पूर्वी बऱ्याच होत्या. ओळखता येतील अशा मोजक्याच उरल्या, आणि त्यातली ही एक चालू गावाच्या ऐन पोटात आहे.

तिथून चालत निघालात की अर्ध्या-पाऊण तासात बोटॅलकचा कडा येतो. खाली लाटांच्या अगदी वर, खडकाला चिकटून दोन इंजिनघरं उभी आहेत. त्याच किनाऱ्याने पुढे लेव्हंट आणि मग गीव्हर. वाटेत शेतांचे बांध बघा. दोन्ही बाजूंनी दगड रचलेले, मध्ये माती भरलेली, वर झुडपं आणि रानफुलं. इंग्रजीत ‘हेज’ म्हणतात म्हणून फसायला होतं, कारण हे कुंपण नाही, हा बांधच. इथून उत्तरेला झेनॉरच्या बाजूला यातले कित्येक बांध लोहयुगापासूनचे किंवा त्याहून जुने आहेत आणि आजही त्यांच्या आत गाई चरतात. दोन हजार वर्षं चालू असलेला बांध! आमच्या गावाकडे दोन फुटांच्या बांधावरून तीन पिढ्या कोर्टात गेल्या, त्यामुळे मला या गोष्टीचं जरा जास्तच अप्रूप आहे.

सगळ्या गावांची नावं ‘ट्रे’, ‘पोल’, ‘पेन’ अशी का?

हा खरा खजिना, आणि फुकट. आपल्याकडे वाडी, खुर्द, बुद्रुक कळलं की गावाची अर्धी ओळख पटते, तसं इथे चारपाच तुकडे पाठ करा.

‘ट्रे’ म्हणजे वस्ती, वाडी. ‘पोल’ म्हणजे डोह. ‘पेन’ म्हणजे डोकं किंवा टोक. ‘पोर्थ’ म्हणजे बंदर, छोटी खाडी. ‘लान’ म्हणजे चर्चचं जुनं आवार. ‘बोस’ म्हणजे राहतं घर. ‘ट्रे, पोल आणि पेन वरून कॉर्निश माणूस ओळखावा’ अशी इथे म्हणच आहे, कारण गावांचीच नावं आडनावं झाली. ट्रेव्हिथिक, पेनरोज, पोलग्लेज. आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखंच की हे.

आमच्या रेडरूथची तर गंमतच. ऐकणाऱ्याला वाटतं यातलं ‘रेड’ म्हणजे लाल. तसं नाही. पहिला भाग म्हणजे नदीचा उतार, जिथून पायी पलीकडे जाता येतं ती जागा, आणि लाल आहे ते ‘रूथ’. तांबडा उतार. इंग्रजी लाल कॉर्निश लालाच्या बरोबर उलट्या बाजूला येऊन बसलाय! उच्चारतानाही जोर ‘रूथ’वर द्या, नाहीतर पाहुणे आहात हे लगेच कळतं.

जाता जाता: माउसहोल असं लिहिलेल्या गावाला ‘माउझल’ म्हणतात, आणि लॉन्सेस्टनला ‘लान्सन’.

ती धुराडं असलेली पडकी दगडी घरं कसली?

इंजिनघरं. प्रत्येकाखाली खाण आहे. आत वाफेवर चालणारं अजस्र बीम इंजिन असायचं. त्याचा लाकडी किंवा लोखंडी तुळईसारखा दांडा भिंतीतून बाहेर झुकलेला, आणि तो खालीवर होऊन खाणीतलं पाणी उपसायचा. इथे खरी लढाई पाण्याशी होती. जमिनीखाली कथील आणि तांबं होतं, पण खोल जावं तसं पाणी. म्हणून इंजिनं इथेच सुधारत गेली. रिचर्ड ट्रेव्हिथिक जन्मला १७७१ साली कॅम्बोर्नच्या परिसरात. त्याने १८०१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी वाफेची गाडी माणसं बसवून कॅम्बोर्नच्या चढावर चालवली. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी कॅम्बोर्नमध्ये त्याच्या नावाचा दिवस साजरा होतो, जुनी वाफेची यंत्रं भर रस्त्यातून जातात.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातलं सुमारे दोन तृतीयांश तांबं कॉर्नवॉल आणि शेजारच्या पश्चिम डेव्हनमधून निघत होतं. हा सगळा खाणप्रदेश २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

खाणींच्या नावांत ‘व्हील’ दिसेल. व्हील कोट्स, व्हील जेन, व्हील किटी. चाकाशी त्याचा संबंध नाही. कॉर्निश ‘ह्वेल’ म्हणजे काम, आणि काम म्हणजे खाण.

मजुरीची रीत ऐकण्यासारखी आहे. ‘ट्रिब्यूटर’ म्हणजे खाणीतला एक तुकडा वाट्याने घेणारा कामगार. ठरलेल्या दिवशी सगळे जमत, कॅप्टन, म्हणजे खाणीचा मुख्य मुकादम, एकेक तुकडा पुकारी, आणि कामगार खालून बोली लावत: मी पौंडामागे इतक्या शिलिंगांवर काढतो, मी त्याहून कमीत. धातूची शीर लागली तर चांदी, नाही तर दोन महिने फुकट, वर मेणबत्त्या आणि दारूगोळ्याचे पैसे कामगाराच्याच खात्यातून वजा. पगारदार मजूर आणि जुगारी यांच्या मधली ही जात. कॉर्निश माणसाचा ताठा यातूनच आला असं माझं मत आहे.

खाणीत बायकाही काम करायच्या का?

खाली नाही, वर. त्यांना ‘बाल मेडन’ म्हणत. ‘बाल’ म्हणजे खाण. वर आलेला दगड हातोड्याने फोडायचा, धातूचा भाग वेगळा काढायचा, मग त्याचा चुरा करायचा. दहा-बारा वर्षांच्या मुलींपासून सुरुवात. डोक्याला ‘गूक’ नावाचं पांढरं, पुढे आलेलं टापरं, उन्हापासून आणि उडणाऱ्या चिपांपासून तोंड वाचावं म्हणून. जुन्या फोटोंत त्या ओळीने उभ्या असतात, एप्रन पांढरेशुभ्र, हातोडे हातात, आणि नजर थेट कॅमेऱ्यात. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायका ज्याने पाहिल्यात त्याला वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की यांचे फोटो निघाले.

एकच खाण पाहायची तर कुठली?

गीव्हर. ही खाण १९९० पर्यंत चालू होती. १९८५ साली कथलाचा भाव कोसळला, त्यानंतर जे व्हायचं ते झालं. आता संग्रहालय आहे. यंत्रं तर आहेतच, पण तुम्ही ‘ड्राय’मध्ये वेळ काढा. पाळी संपल्यावर अंघोळ करून कपडे बदलायची ही खोली. शेवटच्या दिवशी कामगार निघून गेले तशीच ठेवली आहे. लॉकरच्या रांगा, दारांवर चिकटवलेले स्टिकर, खडूने लिहिलेली वाक्यं, लटकलेले लाल मातीने कडक झालेले डगले. बंद पडलेल्या गिरणीचं खातं आत जाऊन पाहिलेल्या मुंबईकराला इथे घशाशी येतं. आमच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं गिरणीत काढली होती. ते त्या खोलीत बराच वेळ काही न बोलता उभे राहिले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, “वास तोच आहे.”

मग लेव्हंट. ही खाण समुद्राच्या तळाखाली मैलभराहून लांब गेली होती. तिथलं १८४० सालचं इंजिन दुरुस्त करून वाफेवर चालवतात. कामगारांना खालीवर न्यायला ‘मॅन इंजिन’ होतं. खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीत खालीवर होणारा एक लांबच लांब दांडा, त्याला पायऱ्या. दांडा वर आला की बाजूच्या कट्ट्यावर पाऊल टाकायचं, पुन्हा पुढच्या पायरीवर. २० ऑक्टोबर १९१९ रोजी पाळी सुटताना वरचा जोड तुटला आणि दांडा माणसांसकट कोसळला. ३१ जण गेले.

आमच्या जवळची साउथ क्रॉफ्टी मार्च १९९८ मध्ये बंद पडली. आता ती पुन्हा सुरू करायची म्हणून पाणी उपसणं चाललंय, त्यामुळे गावात दर आठवड्याला नवी अफवा.

मग एवढी माणसं गेली कुठे?

जगभर. १८६६ मध्ये तांब्याचा बाजार कोसळला आणि घरंच्या घरं बाहेर पडली. ऑस्ट्रेलियातलं मूंटा, कॅलिफोर्नियातलं ग्रास व्हॅली, मेक्सिकोतलं रेआल देल मोंते. मेक्सिकोत आजही ‘पास्ते’ नावाने कॉर्निश पास्टी विकतात, फक्त आत मिरची. ‘जमिनीत कुठेही खड्डा दिसला तर तळाशी एक कॉर्निशमन असेल’ असं गमतीने म्हणत. या लोकांना ‘कझन जॅक’ हे नाव पडलं. कारण एक सांगतात की नवी जागा निघाली की हा म्हणणार, माझा एक चुलतभाऊ जॅक आहे, बोलावू का?

मागे राहिल्या बायका. नवरा परदेशातून पाठवायचा त्या पैशाला ‘होम पे’ म्हणत आणि गावंच्या गावं त्यावर चालत. मनीऑर्डरवर जगलेलं कोकण आणि मुंबईचा चाकरमानी ज्यांच्या घरात होता, त्यांना जुन्या जनगणनेची पानं वाचताना हे घर ओळखीचं वाटेल: कुटुंबप्रमुखाच्या जागी बाईचं नाव, पदरी पाच मुलं, नवरा परदेशी.

भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि थेट मुंबईशी. पोर्थकर्नो नावाची एक चिमुकली खाडी आहे, वाळू पांढरी, पाणी निळं. १८७० साली समुद्राखालून टाकलेली तार इथे वर आली. मुंबईहून एडन, सुएझ, अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर, लिस्बनजवळचं कार्कावेलोस आणि मग पोर्थकर्नो. त्याआधी जमिनीवरच्या तारांनी संदेशाला दिवसचे दिवस लागत. आता काही मिनिटं. मूळ बेत ही तार फालमथला आणायचा होता, पण त्या गजबजलेल्या बंदरात जहाजांचे नांगर तार तोडतील म्हणून ही आडबाजूची खाडी निवडली. मुंबईतल्या कापसाच्या पेढ्यांना लिव्हरपूलचा भाव जो तासाभरात कळू लागला, तो या वाळूतून. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून वाचवायला इथल्याच खाणकामगारांनी डोंगरात बोगदे खोदून सगळी यंत्रं आत हलवली. त्या बोगद्यांत आता संग्रहालय आहे. किनाऱ्यावर एक पांढरी खोली दिसते, तिच्यात तारा जमिनीवर येत. आजूबाजूला लोक टॉवेल पसरून झोपलेले असतात.

दुसरा धागा कोलारचा. तिथल्या सोन्याच्या खाणी १८८० च्या दशकापासून जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने चालवल्या. तिचं कॉर्नवॉलच्या खाणींशी जुनं नातं, त्यामुळे कॅप्टन आणि जाणते कामगार इथून गेले. खालचं जिवावरचं काम मुख्यतः तमिळ मजुरांनी केलं, हेही त्याच श्वासात सांगायला हवं. आणि १८८८ सालचं कॅम्बोर्न स्कूल ऑफ माइन्स आज एक्सेटर विद्यापीठाच्या पेनरिन इथल्या आवारात आहे.

कॉर्निश भाषा मेली की जिवंत आहे?

दोन्ही उत्तरं बरोबर होती, वेगवेगळ्या वेळी.

घाव बसला तो १५४९ मध्ये. इंग्रजीतलं प्रार्थनापुस्तक सगळ्या चर्चमधून सक्तीचं झालं. कॉर्निश लोकांनी उठाव केला आणि आपल्या मागण्यांत स्पष्ट लिहिलं की आमच्यातल्या काहींना इंग्रजी कळतच नाही, आम्हाला हे नको. उठाव निर्दयपणे चिरडला गेला, हजारो माणसं मेली. त्याच्या आदल्या साली पेनरिनचं ग्लास्नी कॉलेज बंद केलं होतं. १२६५ साली स्थापन झालेली ती संस्था म्हणजे कॉर्निश लिखाणाचं माहेरघर. बायबल वेल्शमध्ये आलं आणि वेल्श तगली, कॉर्निशमध्ये आलं नाही. ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा वगळून मराठीचा विचार करा, मग काय गमावलं ते लक्षात येईल.

‘शेवटची कॉर्निश बोलणारी’ म्हणून माउझलच्या डॉली पेंट्रीथचं नाव घेतात. मासे विकणारी, तोंडाची फटकळ. ती १७७७ मध्ये वारली. पॉल गावच्या चर्चच्या भिंतीत तिचा स्मृतिस्तंभ आहे आणि तो १८६० साली उभारला कुणी, तर नेपोलियनच्या पुतण्याने. लुई ल्युसियन बोनापार्टला भाषांचं वेड होतं. तिच्यानंतरही भाषा येणारे काही लोक होते, त्यामुळे ‘शेवटची’ हे सोयीचं बिरुद.

पुढे हेन्री जेन्नरने १९०४ साली कॉर्निश शिकण्याचं पुस्तक काढलं आणि लोकांनी ती जुन्या नाटकांवरून पुन्हा उचलली. मग नव्या माणसांत स्पेलिंगवरून जी भांडणं लागली ती शंभर वर्षं पुरली. २००८ मध्ये कशीबशी एक समान लेखनपद्धती ठरली. शुद्धलेखनावरून हमरीतुमरीवर येणं हे जिवंतपणाचं लक्षण मानलं, तर मराठीइतकीच ही भाषा ठणठणीत आहे. युनेस्कोने २००९ मध्ये तिला ‘नामशेष’ म्हटलं, बोलणाऱ्यांनी आक्षेप घेतला आणि पुढच्या वर्षी शेरा बदलावा लागला. २०११ च्या जनगणनेत ५५७ जणांनी ती आपली मुख्य भाषा असल्याचं लिहिलं.

तुम्हाला दोन शब्द पुरे. ‘दिद दा’ म्हणजे नमस्कार. ‘म्यूर रास’ म्हणजे आभार. बेकरीत म्हणून बघा. समोरची मुलगी बहुधा लाजेल, कारण तिलाही तेवढंच येत असतं.

टिंटॅजलला आर्थर राजाचा किल्ला पाहायचाय.

पाहा, जागा अप्रतिम आहे. पण आर्थर शोधायला जाऊ नका. दिसतो तो किल्ला तेराव्या शतकात कॉर्नवॉलचा अर्ल रिचर्ड याने बांधला. दंतकथा आधीच गाजली होती, तिच्या जोरावर त्याने इथे किल्ला उठवला असं दिसतं. खरी नवलाची गोष्ट त्याहून जुनी आहे. पाचव्या ते सातव्या शतकात या कड्यावर मोठी वस्ती होती आणि तिथे भूमध्य समुद्राकडून आलेल्या मडक्यांचे तुकडे ढिगाने सापडले. तेल, वाइन येत होती, बदल्यात बहुधा कथील जात होतं. खापरं काचेच्या कपाटात आहेत. लोक त्यांच्यासमोर दहा सेकंद थांबतात आणि तलवारीच्या फोटोकडे वळतात.

उत्सव कधी असतात?

५ मार्चला संत पिरानचा दिवस. हा संत आयर्लंडहून जात्याच्या दगडावर तरंगत आला म्हणतात. चुलीच्या काळ्या दगडातून पांढरं कथील वितळून आलं ते त्यालाच दिसलं, तोच झेंड्यावरचा काळा-पांढरा. पेरानपोर्थजवळ त्याचं देऊळ, म्हणजे जुनी प्रार्थनाशाळा, वाळूत गाडलं गेलं होतं. १९८० मध्ये जपण्यासाठी मुद्दाम पुरलं आणि २०१४ मध्ये पुन्हा उकरलं.

१ मेला पॅडस्टोचा ‘ऑबी ऑस’. काळ्या मेणकापडाचा मोठा गोल, खाली माणूस, वर भयंकर मुखवटा. ढोल आणि अॅकॉर्डियनच्या तालावर तो गल्लीबोळांतून घुमतो, आणि पुढे गदेसारखं काहीतरी नाचवत एकजण त्याला डिवचत असतो. मधूनच ऑस खाली बसतो, गाणं मंदावतं, आणि मग एकदम उसळी. लाल फितीचा आणि निळ्या फितीचा असे दोन ऑस, दोन गट, आणि कुणाचा खरा यावर बोलायचं नाही. शिमग्यात पालखी नाचवताना पाहिलेल्या माणसाला पायात काय होतं ते मी सांगत नाही, जाऊन बघा. हा कार्यक्रम पर्यटकांसाठी नाही, गावाचा आहे. वाट सोडून उभे राहा.

८ मेच्या सुमारास हेल्स्टनचा फ्लोरा डे. जोड्या नाचत नाचत लोकांच्या घरांतून, दुकानांतून आरपार जातात. पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर.

जुने दगड, पवित्र झरे वगैरे मुलांना दाखवायचे आहेत.

मेन-अन-टोल. रानात उभा मोठा गोल दगड, मध्ये भोक. मुडदूस झालेल्या मुलांना त्यातून आरपार काढत. आता आपली मुलं स्वतःच आरपार जातात, पाच मिनिटांत तिघांचे गुडघे चिखलात. जवळच लॅनियन कॉइट, तीन दगडांवर एक छतासारखा दगड. १८१५ मध्ये वादळात पडला, १८२४ मध्ये पुन्हा उभारला, पण बुटका. पूर्वी घोडेस्वार खालून जाई. मॅड्रनच्या झऱ्याशी झाडाला चिंध्या बांधलेल्या दिसतील. नवसाची चिंधी, दुसरं काय. प्लॅस्टिकच्या रिबिनी मात्र बांधू नका, झाड मरतं.

घराचा किंवा घराण्याचा इतिहास शोधायचा तर कागद कुठे मिळतात?

रेडरूथला क्रेसेन केर्नो. जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत २०१९ मध्ये उघडलेलं दफ्तरखाना आणि ग्रंथालय. प्रवेश फुकट. पेन आत चालत नाही, पेन्सिल न्या. हवे ते कागद आधी मागवून ठेवा आणि उघडण्याचे वार बघून जा.

आम्ही आमच्या घराचं असंच केलं. मेथी लावायला वाफा खणताना मातीच्या चिलमीचा तुकडा निघाला, बोटभर, पांढरा. म्हटलं, इथे ओढत कोण बसलं होतं? आधी १८४० च्या आसपासचा ‘टाइद’ नकाशा काढला. प्रत्येक शेताला नंबर, आणि सोबतच्या वहीत मालक, कसणारा, शेताचं नाव, पीक, क्षेत्र. सातबाराच म्हणा. आमच्या घराच्या जागी तेव्हा नुसतं रान. मग १८८० च्या सुमाराचा मोठा नकाशा, त्यात घर आलेलं. म्हणजे मधल्या चाळीस वर्षांत बांधलं. मग जनगणना. माणसांची नावं १८४१ पासून मिळतात, जन्मगाव १८५१ पासून, आणि १९२१ पर्यंतची पानं खुली आहेत. चर्चच्या नोंदी १५३८ पासूनच्या, पण खाणकामगार बहुतेक मेथडिस्ट, म्हणजे सरकारी चर्चहून वेगळ्या पंथाचे, त्यांचे बाप्तिस्मे वेगळ्या वह्यांत. हे माहीत नसल्याने लोक महिनोन्महिने चुकीच्या वहीत शोधतात. मीही शोधलं.

घरबसल्या करायचं तर ‘ऑनलाइन पॅरिश क्लार्क’ नावाची स्वयंसेवकांची सोय आहे. एकेका गावाच्या नोंदी एकेकाने टाइप केलेल्या. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे वही उघडून पणजोबांची सही दाखवतात ना, तसलेच हे लोक, फक्त दक्षिणा घेत नाहीत.

गाडी लागेल का?

लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झन्सला रेल्वेने सुमारे पाच तास. पुढे बस आहेत, पण संध्याकाळी लवकर संपतात. गाडी आणलीत तर गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही आरसे बांधांना घासतात. समोरून ट्रॅक्टर आला तर मागे तुम्हालाच जायचंय.

खाणींच्या भागात फिरणं सुरक्षित आहे का?

आखलेल्या वाटेवर हो. वाट सोडून काटेरी झुडपात शिरू नका, खाली झाकण नसलेली जुनी विहीर असू शकते. गोल दगडी कठडा किंवा जाळीचा शंकू दिसला की समजा, ते खाणीचं तोंड आहे. जिथे गवत उगवत नाही तिथल्या मातीत मुलांना खेळू देऊ नका, जुन्या कामांचं आर्सेनिक तिच्यात असू शकतं.

लोक ‘माय लव्हर’ म्हणतात, घाबरायचं का?

नाही. भाजीवाली आपल्याला ‘काय गं बाई’ म्हणते तितकाच त्याचा अर्थ. पर्यटकांना मागून ‘एमेट’ म्हणतात, म्हणजे मुंगी. आणि प्लंबर ‘ड्रेक्ली येतो’ म्हणाला तर त्या दिवशी अंघोळ शेजाऱ्यांकडे करा. ‘होईल हो, बघू’ याचं ते कॉर्निश भाषांतर आहे.

आम्ही शाकाहारी. पास्टी खाता येईल?

खरी कॉर्निश पास्टी म्हणजे गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमसारखा पिवळा कंद. २०११ पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे आणि मुरड बाजूलाच हवी. करंजीची मुरड येणाऱ्या बाईला ती पहिल्याच खेपेला जमते. आमच्या शेजारच्या आजींनी माझी मुरड पाहून भुवया उंचावल्या होत्या आणि कोपऱ्यात माझ्या नावाचं आद्याक्षर कणकेचं लावून दिलं, खाणीत कुणाची पास्टी कुणाची ते कळावं म्हणून लावत तसं. शाकाहारींसाठी चीज आणि कांद्याची सगळीकडे मिळते. वरून अंडं फासतात, चालत नसेल तर आधी विचारा.